सागर किनारा लॉज, कळमनुरी

कळमनुरीला समुद्र होता असं मी म्हणालो, की घरातली मंडळी एकमेकांकडे बघतात आणि माझ्या गोळ्यांची वेळ झाली का ते विचारतात. विचारू द्या. त्या समुद्राच्या काठावर खुर्ची टाकून मी काही वर्षं बसलोय. त्यांनी कुठं बघितलाय तो?

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. हिंगोली जिल्हा अजून व्हायचा होता, आम्ही परभणीच्या पदराला बांधलेले. मी एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून कळमनुरीला बदलून आलो. लोक मला कंट्रोलर म्हणत, पण एकही गाडी माझ्या कंट्रोलमध्ये नव्हती. पहिल्या दिवशी भर उन्हात पत्र्याची ट्रंक घेऊन उतरलो आणि रस्त्यापलीकडची पाटी वाचली, 'सागर किनारा लॉज'. मला वाटलं, रंगाऱ्यानं रत्नागिरीची पाटी चुकून इथं ठोकली. नळाला पाणी नाही, विहिरी तळाला गेलेल्या, आणि म्हणे सागर किनारा!

जवळ गेलो. पत्र्याच्या छपराच्या ओळीनं चार खोल्या. दारं-खिडक्या निळ्याशार रंगवलेल्या. पुढच्या अंगणात वाळू पसरलेली, कयाधू नदीची, बैलगाडीनं आणून टाकलेली. तिच्यावर रेघा अशा सरळ ओढलेल्या, की पाय ठेवायला मन होईना. वाळूवर लोखंडी खुर्च्या मांडलेल्या आणि सगळ्या खुर्च्यांची तोंडं एसटी स्टँडकडे.

आतून एक उंच, किंचित लंगडणारा माणूस आला. पांढरा शर्ट, इस्त्रीची खाकी पँट, मिशा छाटलेल्या. मी खोलीचं विचारायला तोंड उघडलं, तर त्यांनी बोट वर केलं.

"बसा. आधी हे. मंग बोलू."

ट्रे पुढे आला. काचेचा पेला, काठोकाठ पाण्यानं भरलेला. शेजारी बशीत मोरावळ्याचा एक आवळा आणि चमचा. जीभ टाळूला चिकटली होती, मी पेला घटाघट रिकामा केला, आवळा खाल्ला. बशी उचलली तर तिच्याखाली खोलीची चावी. मग त्यांनी नाव विचारलं. मी नाव सांगितलं आणि सवयीनं आडनावाकडे वळलो, तर पुन्हा बोट वर.

"पुरं. हितं अर्ध्याच नावावर भागतं."

माझं आडनाव मेजरांनी मला शेवटपर्यंत विचारलं नाही. त्यांनी विचारलं नाही, तर मी तुम्हाला तरी कशाला सांगू?

मेजर म्हणजे काही खरे मेजर नव्हेत. आपल्याकडे फौजेतून जो परत येतो तो मेजर, मग तिथं त्यानं तोफा डागल्या असोत की बटाटे सोललेले असोत. यांचं नाव गंगाराम. सेनगावकडचं गाव. दुसऱ्या महायुद्धात घरात कुणाला न सांगता पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेले आणि भरती झाले. निजामाच्या मुलखातलं पोरगं इंग्रजाच्या फौजेत, आणि तिथून जहाजानं थेट भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर. मेजर त्याला 'सायपरस' म्हणत. मी एकदा 'सायप्रस' अशी दुरुस्ती केली तर म्हणाले, तुमी गेलता का?

मी महिन्याच्या बोलीवर तीन नंबरची खोली घेतली. पहाटे उठलो की मेजर दाताळं घेऊन वाळू विंचरताना दिसायचे. रोज. रात्रीतून कुत्री लोळायची, पोरं खेळायची, बाजाराच्या दिवशी तर शेळ्या बसायच्या. मेजरांनी कुणाला हाकललं नाही. सकाळ झाली की पुन्हा रेघा. संध्याकाळी आम्ही खुर्च्यांवर बसायचो. नांदेडची गाडी आली की माणसं उतरायची, बोचकी, कोंबड्या, आरडाओरडा. मी म्हणायचो, "मेजर, भरती आली." गाडी गेली की धूळ खाली बसायची आणि मी म्हणायचो, ओहोटी. ते हसायचे नाहीत. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही.

पाण्याला ते 'नेरो' म्हणत. तिकडच्या भाषेतला तेवढाच शब्द त्यांच्याजवळ शिल्लक होता. पाहुणा दिसला की आत हाक जायची, "नेरो!" आणि आतून त्यांची बायको, कौसाकाकू, पुटपुटत ट्रे भरून द्यायची. काकूंचं तोंड मोठं गोड, पण मेजरांच्या बाबतीत तिखट. मला म्हणायच्या, "त्या बाईनं ह्येंला तिकडं पाणी काय पाजलं, माझा जलम आवळे टोचण्यात गेला की हो." मोरावळ्याचे आवळे काट्यानं चहूकडून टोचावे लागतात, नाहीतर पाक आत मुरत नाही. दर थंडीत काकू टोपलंभर आवळे घेऊन बसायच्या आणि प्रत्येक आवळ्याबरोबर नवऱ्याला एक टोमणा. पहिल्या वर्षी म्हणे मेजरांनी बेटावरच्यासारखा नारंगीच्या सालीचा मुरंबा करायला लावला होता. तो इतका कडू झाला की पहिल्याच पाहुण्यानं वाळूत थुंकला. तेव्हापासून आवळा.

आता खरी गोष्ट. मेजर बौद्ध. साऱ्या कळमनुरीला ते ठाऊक. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, येणाऱ्याच्या बरोबर डोळ्यांसमोर. लोक यायचे, खुर्चीत बसायचे, तसबीर बघायचे आणि ट्रे पुढे आला की म्हणायचे, नको, आत्ताच घेतलं. नको, चहा झालाय. नको, उपास आहे. मेजर शांतपणे ट्रे मागे घ्यायचे. "मंग खोली न्हाई." आवाज चढवायचे नाहीत, वाद घालायचे नाहीत. चावी बशीखाली. बशी उचलायची तर आवळा खायचा, आवळा खायचा तर पाणी प्यायचं. यात खालीवर काही नाही.

दुष्काळाच्या साली रस्त्याच्या कामावरचा एक साहेब जीप घेऊन आला. गावात उतरायला दुसरी बरी जागा नव्हती. त्यानं पाणी नाकारलं, मेजरांनी खोली नाकारली. साहेबानं लायसनची धमकी दिली, वरचे लोक कसे ओळखीचे आहेत ते सांगितलं. मेजर ट्रे धरून उभेच. शेवटी साहेब जीपमध्ये झोपला. त्याच्या ड्रायव्हरनं मात्र मागच्या बाजूनं येऊन पाणी घेतलं, आवळा खाल्ला आणि दोन नंबरच्या खाटेवर सकाळपर्यंत घोरत पडला. सकाळी साहेबाचं तोंड डासांनी सुजलेलं आणि ड्रायव्हर ताजातवाना. मला एवढा आनंद झाला, की मी त्यांची जीप जाईपर्यंत हिंगोलीची गाडी सोडलीच नाही.

त्याच दुष्काळात एक गंमत बघितली. टँकरचं पाणी, अर्धा-अर्धा हंडा वाटून मिळायचं. मेजर स्वतः ओल्या फडक्यानं अंग पुसायचे, पण पाहुण्याचा पेला काठोकाठ. आणि तेव्हा कुणी नको म्हणत नव्हतं. गाडीतून उतरलेली माणसं सरळ वाळूवर यायची, प्यायची, आणखी मागायची. उपास नाही, चहा झालेला नाही. मग पुढच्या वर्षी पाऊस झाला, विहिरी भरल्या आणि सगळ्यांना आपापले उपास परत आठवले. मला संताप यायचा. मी म्हणायचो, मेजर, नियम सोडा, लॉज बसेल तुमचं. काकूही तेच म्हणायच्या. मेजर दाताळं उचलायचे.

हा हट्ट कशापायी, ते एका दुपारी कळलं. कयाधूला पूर आला होता, गाड्या बंद, मला काम नाही. आम्ही दोघं खुर्च्यांवर. मेजर समोरच्या रिकाम्या स्टँडकडे बघत आपणहून बोलायला लागले.

बेटावर ट्रकवरून पडून त्यांचा पाय मोडला. फौजेनं किनाऱ्यावरचं एक छोटं हॉटेल ताब्यात घेतलं होतं, दुरुस्त होत आलेल्या शिपायांना तिथं ठेवत. मोजक्या खोल्या, निळ्या खिडक्या, पुढं वाळू, वाळूवर खुर्च्या. समुद्र कसा होता विचारलं तर म्हणाले, "मोप पानी. पन खारं. काय करता?" हॉटेल एका विधवेचं, तिचं नाव एलेनी. मेजर तिला नुसतं बाई म्हणत. तिकडची रीत अशी, की दारात माणूस आला की आधी पेलाभर पाणी आणि चमचाभर मुरंबा. बोलणं नंतर.

"गाडीतून उतरवून मला खुर्चीत बसवलं," मेजर म्हणाले. "बाई पानी घिऊन आली. म्या हात फुडं केले. असे."

त्यांनी दोन्ही तळवे जोडून ओंजळ केली. मला लगेच समजलं, मराठवाड्यातल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. गावात विहिरीच्या काठावर जन्मापासून तसंच पाणी मिळालेलं. खाली बसायचं, ओंजळ करायची, वरून कुणीतरी धार धरणार. विहीर रंगनाथरावांची, गावचे मोठे शेतकरी, मेजर त्यांना मालक म्हणत. मालक हाताचा उदार नव्हता असं नाही, तहानलेल्याला परत पाठवायचा नाही. पण धार वरून. अर्धं पाणी पोटात, अर्धं कोपरावरून खाली.

"बाईला कळंना, हा काय मागून राहिला. बघतच राहिली माझ्या हाताकडं. मंग तिनं पेला उचलला आन् माझ्या ओंजळीत ठिवला. बराबर मधी." मेजरांनी बोटं मिटली. "काचेचा व्हता. सोडला असता तर फुटला असता. धरावाच लागला."

 

फौजेतून परतल्यावर ते एकदा गावी गेले होते. वाट चालून तहानले, विहिरीवर थांबले, आणि पुन्हा धार वरून. त्या दिवशी त्यांनी गाव सोडलं. लॉज उघडलं ते एवढ्यासाठी, की कधीतरी आपल्या गावचं माणूस येईल आणि आपल्या हातचा पेला घेईल. सेनगावच्या गाडीनं त्यांच्या गावची माणसं बाजाराला यायची, गाडी चुकली तर स्टँडच्या फरशीवर घोंगडी अंथरून झोपायची. मधे रस्ता तेवढा. तो ओलांडून कुणी आलं नाही. मेजर खुर्ची स्टँडकडे तोंड करून का ठेवतात, ते मला त्या दिवशी कळलं.

मग १९७४ चा पावसाळा. माझ्या केबिनमधल्या रेडिओवर हिंदी बातम्या लागल्या होत्या आणि मेजर दारात उभे राहिले ते हललेच नाहीत. त्या बेटावर लढाई पेटली होती, परकी फौज किनाऱ्यावर उतरली होती. दुसऱ्या दिवशी पेपरात बोटभर नकाशा आला. मेजरांनी नखानं वरची कड दाखवली. हितंच. हितंच व्हतं. लोक घरंदारं टाकून पळत होते असं मी वाचून दाखवलं. ते उठून गेले.

संध्याकाळी बघतो तर एक नंबरच्या खोलीला कुलूप. आत स्वच्छ चादर, नवी उशी, खिडकीत पाण्याचा माठ. विचारलं तर म्हणाले, बाईची खोली. मला हसावं की रडावं कळेना. म्हटलं, मेजर, त्या बाई सत्तरीच्या असतील, त्यांना कळमनुरी जगाच्या पाठीवर कुठं आहे हे तरी माहीत आहे का?

"निघताना म्या सांगितलं व्हतं. खुणंनं, पन सांगितलं. आमच्याकडं आल्या तर माझ्याच घरी उतरायचं. तवा मला कुठलं आलंय घर? पन शबुद दिलता ना साहेब. आन् आता तिलाच घर न्हाई."

चारपैकी एक खोली कायमची गेली. काकूंनी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच जाऊन माठातलं पाणी बदललं. ते पाणी त्या रोज बदलायच्या. लग्नाचं वऱ्हाड आलं, अधिकारी आले, कुणालाही एक नंबर मिळाली नाही. मला वाटायचं, म्हातारा-म्हातारी दोघंही भ्रमिष्ट झालीत. पण बोलायची छाती नव्हती.

दोन-अडीच वर्षं गेली असतील. हिवाळ्यातला बाजाराचा दिवस. दिवस कलता नांदेडहून आलेली गाडी माझ्या स्टँडात बंद पडली आणि पुढं जायला काही उरलं नाही. बाकीचे प्रवासी इकडं तिकडं पांगले. एक म्हातारा तेवढा बाकावर बसून राहिला. डोळ्यावर हिरवी पट्टी, नांदेडला मोतीबिंदू काढून आलेला, बरोबरचा माणूस औषधं आणायला गेला तो गाडी चुकवून मागंच राहिलेला. डॉक्टरांनी बजावलेलं, की धूळ आणि वारं लागता कामा नये, डोळा जाईल. आणि कळमनुरी स्टँडवर धूळ आणि वारं सोडून दुसरं काय होतं? मी नाव विचारलं. रंगनाथराव म्हणाले, गाव सांगितलं. म्हणजे मेजरांचे मालक, त्या विहिरीचे.

मी हाताला धरून त्यांना रस्ता ओलांडून नेलं. आधी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आले नसते. मेजर दारातच होते. त्यांनी लांबूनच ओळखलं असणार, कारण त्या दिवशी "नेरो" अशी हाक गेली नाही. स्वतः आत जाऊन ट्रे घेऊन आले. काकू मागून दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

म्हाताऱ्यानं उघडा डोळा बारीक करून वर बघितलं. "कुनाचा रं तू?"

"राणबाचा गंगाराम, मालक. तुमच्याच गावचा."

 काकूंनी पदर मुठीत आवळलेला मला दिसत होता. बाजार उठला होता, गाड्यांची घरघर, पण त्या वाळूवर चिडीचूप. म्हाताऱ्याच्या ओठांना कोरड पडली होती, ते जिभेनं ओठ ओले करत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी दोन्ही हात पुढं केले आणि ओंजळ केली.

"वरून घाल," ते म्हणाले.

मला वाटलं, झालं. आता मेजर म्हणणार, मंग खोली न्हाई. आणि म्हणाले असते तरी मी त्यांना दोष दिला नसता. मेजर त्या ओंजळीकडे बघत होते.  मेजरांनी ट्रे खुर्चीवर ठेवला, पेला उचलला, वाकले, आणि तो भरलेला पेला त्या ओंजळीत ठेवला. बरोबर मधे.

पाणी हिंदकळून थोडं वाळूवर सांडलं. रंगनाथरावांची बोटं आपोआप पेल्याभोवती आवळली. तसेच बसून राहिले, पेला धरून. मेजर समोर उभे, हात मागे बांधून. मग म्हाताऱ्यानं पेला तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. खाली ठेवायला कुठं काही दिसेना, म्हणून पेला मेजरांच्या हातात परत दिला.

"गोड काय हाय ते?" त्यांनी बशीकडे बोट केलं.

"आवळा हाय, मालक."

त्यांनी तो सावकाश खाल्ला. बी चमच्यावर काढून ठेवली. बशीखाली चावी नव्हती, कारण खोल्या सगळ्या भरलेल्या होत्या. माझी खोली द्यावी म्हणून मी पुढं झालो, तोवर मेजर आत गेले आणि चावी घेऊन आले. एक नंबरची.  आत जाऊन काकूंनी निळी खिडकी घट्ट लावून घेतली, वारं नको म्हणून.

सकाळी मागं राहिलेला माणूस आला आणि रंगनाथराव सेनगावच्या गाडीनं गेले. मेजरांशी काही बोलले नाहीत, नमस्कार नाही, जयभीम नाही. गाडी गेल्यावर मी मेजरांना विचारलं, की ती खोली बाईंची होती ना?

"बाई असती तर तिनं काय केलं असतं?" एवढंच म्हणाले आणि वाळू विंचरायला लागले. एक नंबरला त्यानंतर कुलूप लागलं नाही. माठातलं पाणी मात्र काकू बदलत राहिल्या.

म्हाताऱ्यानं गावात कुणाला सांगितलं असेल असं वाटत नाही. त्या गावची माणसं पुढंही स्टँडच्या फरशीवरच झोपत राहिली. मला वाईट वाटलं. मी काय काय मनात रंगवून बसलो होतो. मेजरांना वाईट वाटलं की नाही, त्यांनी कळू दिलं नाही.

पुढच्या थंडीत माझी बदली झाली, वसमतला. त्याच आठवड्यात सेनगावच्या गाडीच्या कंडक्टरनं टपावरून एक पोतं खाली टाकलं आणि म्हणाला, लॉजवाल्या मेजरला द्या. कुणी दिलं विचारलं तर म्हणाला, एका सालगड्यानं आणून दिलं, मालकानं पाठवलंय म्हणला, निरोप काही नाही. हमालानं पोतं वाळूवर नेऊन आपटलं. मेजरांनी सुतळी सोडली. आवळे. टपोरे, हिरवेगार, झाडावरून नुकते उतरवलेले, पोतंभर.

काकूंनी कपाळावर हात मारला. "आता येवढे कोन टोचनार?"

 मेजर त्या पोत्याशेजारी खाली वाळूतच बसले.

मी निघालो त्या दिवशी खिडकीजवळची जागा धरली होती. ट्रंक टपावर. गाडी स्टँडातून वळली आणि मला लॉज दिसलं, पाटी, निळ्या खिडक्या, एक नंबरची सताड उघडी. वाळूवर आज रेघा नव्हत्या, सगळी तुडवलेली. मधे परात, आणि परातीच्या दोन बाजूंना दोघं मांडी घालून आवळे टोचत बसले होते. काकूंचं तोंड चालू होतं. मेजरांचं टोचणं काही जमत नव्हतं, प्रत्येक आवळा हातातून निसटून वाळूत पळत होता. मी खिडकीतून ओरडलो. त्यांनी मान वर केली, मला बघितलं, आणि काटा धरलेल्या हातानंच कडक सलाम ठोकला.